लाटेला दहीभात

कारंज्याच्या शकुबाईची अख्खी हयात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात गेली. सून आकांक्षा तिला हट्टानं वेंगुर्ल्याला घेऊन आली. दीपगृह झालं, मासळीबाजार झाला, बंदरातल्या होड्या झाल्या. शकुबाई आपली नुसती हूं हूं करत राहिली.

सांजेला मात्र ती किनाऱ्यावर थबकली. नजर पोचेल तिथवर पांढरा फेस फुटत होता, जशी कपाशीच फुटली. सवयीनं तिनं पदराची ओटी कमरेला बांधली. पहिल्या वेचणीआधी शेताला वाहतात, तसा डब्यातला दहीभात लाटेला वाहिला.

"आई, समुद्राले दहीभात काऊन?"

"एवढं पांढरं पीक," ती पुटपुटली, "अन् वेचाले कोनी नाई लागत!"

मग ओटी सोडून ती वाळूत बसली. भरल्या पिकासमोर अशी नुसती, जन्मात पहिल्यांदा.