मिऱ्याचा काढा आणि 'बेअर अप'

प्लेगच्या पहिल्या वर्षी ठाण्यातली आमची शाळा बंद करायचे ठरले, तेव्हा हेडमास्तरांनी पाऊण तास भाषण केले. सार एवढेच की, संकटात माणसाने 'बेअर अप' करावे. इंग्रजी मी शिकवीत असे, म्हणून अर्थ सांगणे माझ्याकडे आले. 'संकट अंगावर येऊनही न खचणे' असे फळ्यावर लिहून मी एका राजाचे उदाहरण दिले. पुस्तकांत हा शब्द राजांना आणि सेनापतींनाच लावलेला असे.

दुसऱ्या दिवशी बायकोला खडवलीला माहेरी पोचवायला निघालो. कल्याणला सगळ्यांना गाडीतून उतरवून तपासत. अंग गरम लागले की माणसाची रवानगी स्टेशनामागच्या झोपड्यांत. तिथून परत आलेला कोणी आम्ही पाहिला नव्हता. वाटेत ताप येऊ नये म्हणून आईने सुनेला निघताना सुंठ-मिऱ्याचा काढा पाजला होता आणि मिऱ्यांची पुरचुंडीही बरोबर दिली होती. मुंब्रा मागे पडले आणि तिचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला.

"अगं, बरं वाटत नाही का?"

"काढा बाधलाय. सासूबाईंनी मूठभर मिरी घातली असणार."

"तपासणाऱ्या मडमेला काय सांगशील?"

"मी काय सांगणार? इंग्रजी तुम्हाला येतं."

मला येत होते. पण काढ्याला काय म्हणतात ते आठवेना. कल्याणला ती बायकांच्या पडद्यामागे गेली. पुरुषांच्या रांगेत माझ्यापुढे हेडमास्तर, तीन ट्रंकांसह. पगडी काढायला सांगताच त्यांनी माझी बाही धरली. "मास्तर, मला नेणार नाहीत ना हो?"

माझी नजर पडद्यावर होती. बाकीच्या बायका बाहेर येत होत्या. आमची येत नव्हती.

शेवटी ती पदर सावरत आली. "चला."

"काय झालं?"

"मडम हात धरून बसली होती, सोडीचना. मग पुरचुंडीतली मिरी काढून दाखवली आणि तोंडापुढे हात हलवून 'हाय हाय' केलं. हसली बाई."

"भ्यायली नाहीस?"

"भ्याले तर होतेच. पण आत जाताना तुमचं तोंड पाहिलं. म्हटलं, दोघांनी भिऊन कसं चालेल?"

शाळा उघडल्यावर तो शब्द धड्यात पुन्हा आला. वर्गात स्वतःच्या बायकोचे उदाहरण देण्याची रीत नव्हती. मी हेडमास्तरांचे दिले. ते फार खूश झाले.