करंडीच्या तळाशी चौथा खंड

डहाणू रोड स्टेशनात गाडी थांबते ती किती, दोन मिनिटं! त्यात बाबांचा अर्धा जीव मालाच्या ब्रेकच्या डब्यात चढणाऱ्या चिकूच्या करंड्यांत आणि अर्धा माझ्यात. मी लग्न होऊन नवऱ्यामागून विलायतेला निघाले होते, मुंबईहून बोट होती. आई खिडकीशी उभी राहून माझ्या हातातल्या बांगड्या फिरवत होती आणि "थंडीत कानाला फडकं बांधत जा" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. शिटी झाली तसे बाबा धावत आले, धोतराला पेंढा चिकटलेला. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील. तर म्हणाले, "तिकडे चौथा खंड मिळतो का बघ. पण आधी तू वाच, मग पाठव." कप्पाळ! लेक एवढ्या लांब चालली आणि ह्यांना चौथा खंड. मी तोंड फिरवलं आणि गाडी सुटली.

आमच्या गावच्या, मसोलीतल्या माझ्या माणसांना हे खंडप्रकरण पाठ आहे. पण माझ्यासारखी बाहेर पडलेली मंडळीही हे वाचतील, म्हणून सांगते. विलायतेच्या एका माजी पंतप्रधानानं इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा इतिहास चार खंडांत लिहिला होता. मी शाळेत होते तेव्हा त्यातला एकेक खंड बाहेर पडत होता. बाबांचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं, आजोबा गेले आणि चिकूची वाडी गळ्यात पडली. इंग्रजी वाचायचा नाद मात्र सुटला नाही. "ह्याच गोऱ्यानं आपल्याला स्वातंत्र्य देऊ नका म्हणून आकांत केला," ते म्हणायचे, "स्वतःच्या लोकांबद्दल काय लिहितो ते बघू तरी."

डहाणूत असलं पुस्तक कुठं मिळणार? आमचे चिकू मुंबईला ज्या अडत्याकडे जात, तोच दुकानातून खंड आणायचा. रिकाम्या करंड्या गाडीनं परत येत, त्यांतल्या एकीत पेंढ्याखाली तो ठेवायचा आणि तिच्या काठाला लाल चिंधी बांधायचा. तीन खंड असेच आले. दुपारी चिकू निवडायच्या पडवीत मी मोठ्यानं वाचायची, बाबा हातातलं फळ तसंच धरून ऐकायचे आणि राजेलोकांशी भांडायचे. आई करवादायची, "गोऱ्याचं पुराण आटपलं असेल तर उठा, करंड्या शिवायच्यात."

चौथ्याची बाबा फार वाट बघत होते. घरदार सोडून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेलेल्या लोकांची हकिकत त्यात आहे, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार यावरून बाजारात तेव्हा रोज हमरीतुमरी चालायची. बाबा म्हणायचे, "आपण इथल्या इथं एवढे भांडतो. ते लोक सगळं सोडून गेले कसे, ते मला वाचायचंय."

खंड आला, पण बाबांना दिसलाच नाही. ऐन मोसमातली घाई, तलासरीच्या बाजारातून सांगितलेल्या नव्या करंड्या वेळेत आल्या नव्हत्या, म्हणून परतलेल्याच तशाच भरायला घेतल्या. लाल चिंधी वाटेत कुठंतरी गळून पडली असणार. तळाशी पेंढा होताच, त्यावर चिकू रचले, वरून गोणपाट टाकलं आणि दाभणानं तोंड शिवलं. कोणी? खुद्द बाबांनी! तो माल दिल्लीचा होता. पुढच्या खेपेला अडत्यानं निरोप पाठवला, "चौथं पुस्तक पोचलं ना?" तेव्हा कुठं बाबांना उमगलं, पुस्तक चिकूंखालून दिल्लीला गेलं. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, "दिल्लीवाल्यांनी सोलून खाल्लं असेल!" मुंबईच्या दुकानातल्या प्रती संपल्या होत्या, आणि तेवढ्यात माझं लग्न ठरलं.

विलायतेत आमचं बिऱ्हाड म्हणजे उत्तरेकडच्या एका गिरणीगावातली एक खोली. मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय गॅस पेटायचा नाही. लँडलेडी बाई चांगली, पण फोडणीचा वास आला की सगळ्या खिडक्या उघडायची आणि मी कार्डिगनवर कार्डिगन चढवून कुडकुडायची. शेवटी मीही कारखान्यात शिवणकामाला लागले. शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडायचे. नवरा चिडवायचा, "लोक इथं घर शोधतात, तू सासऱ्यांचा खंड शोध माझ्या." राग होता माझा बाबांवर, तरी शोधत होते. दुसरं काय होतं त्यांनी मागितलेलं?

शेवटी तो चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडला, चहाच्या किटल्यांच्या शेजारी. बाबांनी सांगितल्याप्रमाणे आधी मी वाचला, हीटरला पाय लावून. आणि अस्सा संताप आला! जहाजं आहेत, कायदे आहेत, निवडणुका आहेत. माणसं हजारांनी निघतात आणि पुढच्याच ओळीत तिकडे पोचतातसुद्धा. निघताना कुणाच्या आईनं काय सांगितलं, धक्क्यावर कोण उभं होतं, यावर एक पान नाही. मी खंड बांधला आणि बोटीच्या टपालानं धाडून दिला.

काही वर्षांनी पहिल्यांदा घरी आले तेव्हा कपाटात तीनच खंड दिसले. चौथा पडवीत, सुतळीच्या गुंडीशेजारी. बाबा तो रोज दुपारी आईला वाचून दाखवत होते, आपल्या भाषेत सांगत सांगत. माझी आई! गोऱ्याचं पुराण म्हणणारी! "अगं, तुझ्यासारख्यांचंच आहे ना त्यात," ती म्हणाली. शेवटची काही पानं राहिली होती. बाबा म्हणाले, "चष्मा लागत नाही नीट, तू वाच." चष्मा चांगला स्वच्छ होता. मी वाचलं, मराठीत सांगितलं, पुस्तक मिटलं.

आईनं विचारलं, "यातलं कुणी परत आलं का?"

बाबा म्हणाले, "ते लिहिलेलं नाही."

"मग एवढं जाड पुस्तक करून उपयोग काय?" असं म्हणून ती चहा ठेवायला उठली. बाबा बराच वेळ हातातला चिकू पुसत बसले.

निघायच्या दिवशी त्यांनी मला एक लहान करंडी दिली, स्वतः शिवलेली. "कच्चेच आहेत, बोटीवर पिकतील," एवढंच बोलले. एडन बंदर येईपर्यंत चिकू मऊ झाले. केबिनमधल्या बायकांना वाटले, त्यांनी सालीसकट खाल्ले. तळाला हात घातला तर पेंढ्याखाली काहीतरी कडक लागलं. फडक्यात गुंडाळलेला चौथा खंड!

आधी वाटलं, म्हातारपण, पुन्हा तीच चूक. मग फडकं नीट बघितलं. आईच्या जुन्या लुगड्याचं होतं आणि त्याला लाल चिंधीची गाठ मारलेली होती. ज्या खंडासाठी बाबा इतकी वर्षं तळमळले, तो त्यांनी आपल्या हातानं चारांतून कमी केला होता, तो परत द्यायला तरी मला पुन्हा घरी यावं लागावं म्हणून. मी डेकवर जाऊन ढसाढसा रडले. स्टेशनावरचा राग तिथंच संपला.

आता आमचं स्वतःचं घर आहे, शिलिंगचा मीटर गेला, मुलगा इंग्रजीतच भांडतो. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी इथल्या ह्याच गिरणीगावाचं नाव सांगते, आणि ते खोटं नाही. पण खंड एक इथं आणि तीन मसोलीत, तोवर माझी मांडामांड पुरी झाली असं मी म्हणत नाही. येत्या डिसेंबरात मुलाला घेऊन येतेय. ट्रंकेत सगळ्यात आधी चौथा खंड ठेवलाय. आईला कळवलंय, बाबांचे हात हल्ली थरथरतात हे ठाऊक आहे मला, पण जाताना माझी करंडी त्यांनीच शिवायची.