डाळ न शिजणारं घर

माझा धंदा जुन्या लाकडाचा. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, वासे विकत घ्यायचे, रंधा मारून पुन्हा विकायचे. ऐंशीच्या सुमारास वसईत जिकडेतिकडे बांधकामं निघाली आणि माझं बरं चालू लागलं. तरी राहत होतो वसईच्या होळी भागात, भाड्याच्या दीड खोलीत. वाटणीत थोरल्या भावाने राहतं घर स्वतःकडे ठेवलं आणि मला दिला खाडीकडचा शेताचा तुकडा, जिथे भाताचं रोपसुद्धा खाऱ्याने जळायचं. मी घराचा विषय काढला तेव्हा तो चार माणसांत म्हणाला, "तुला घर काय करायचंय? तू दुसऱ्यांची दारं विकणारा माणूस." माणसं हसली. ते हसणं मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

म्हणून इमारतीतला ब्लॉक घ्यायचाच नव्हता. डोक्यावर कुणाचे पाय नकोत, स्वतःचं दार थेट रस्त्यावर उघडलं पाहिजे. तेव्हा नुकतीच रो हाऊसची टूम निघाली होती. गावाबाहेर, खाडीच्या बाजूला एका बिल्डरने एकाला एक लागून आठ घरं बांधली होती. पुढे ओटा, वर गच्ची, मागे अंगण. त्या अंगणात माझं निम्मं लाकूड मावलं असतं. शिवाय स्वयंपाकघर मोठं. बायको शाळेतल्या मास्तरांना आणि बँकेतल्या लोकांना डबे द्यायची. खोलीचं भाडं त्या डब्यांतून निघतं, हे मी त्या काळी चारचौघांत कबूल करत नसे.

महिनाभर दर रविवारी मी बिल्डरशी भांडलो. चौकटीत खिळा टोचून दाखवला. "शेठ, हा साग नाही, सागाचा चुलतभाऊ आहे." बिजागऱ्या हलवल्या, भिंतीला कान लावून टकटक केली, गच्चीचा उतार उलटा आहे म्हणून गच्चीवर बादली ओतली. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही घर घेताय की मला घेताय?" कोपऱ्यातलं घर मी माझ्या ऐपतीत आणून बसवलं, विसार दिला आणि छाती काढून घरी आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाणी कसं आहे?"

"विहीर काठोकाठ भरलीय."

"किती आहे ते नाही विचारलं. कसं आहे?"

"पाण्यासारखं आहे!" मी ओरडलो.

"मग तुरीची डाळ शिजवून बघते," ती म्हणाली. तिच्या माहेरी मुलगी देतानासुद्धा आधी तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून बघायचे म्हणे. मी म्हटलं, मग तुला दिली तेव्हा नवऱ्याला का नाही शिजवून पाहिलं? ती म्हणाली, "तीच चूक झाली."

पुढच्या रविवारी ती स्टो, पातेलं आणि पिशवी घेऊन निघाली. मी दहा पावलं मागून चाललो, कुणी ओळखीचं भेटलं तर आमचा संबंध नाही असं वाटावं म्हणून. त्या घराच्या ओट्यावर तिने स्टो पेटवला. तास झाला, सव्वा तास झाला. डाळ पातेल्यात दाणा न् दाणा सुटा नाचत होती.

बिल्डर म्हणाला, "वहिनी, कुकर घ्या कुकर!"

मी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. फार खारट नव्हतं, मचूळ होतं. पण तेवढं पुरे होतं. खाऱ्या जमिनीचा तुकडा पदरात पडलेला माणूस पुन्हा खाऱ्याच जमिनीवर आयुष्याची कमाई लावायला निघाला होता, तीही घासाघीस करून! डाळ शिजली नाही तर डबे बंद आणि डबे बंद तर घराचे हप्ते कुठून? मला स्वतःचा इतका राग आला, की तो मी बिल्डरवर काढला. विसार परत दे म्हणून घसा फोडला. तो शांतपणे म्हणाला, "विसार परत करायची पद्धत नाही."

"ओरडू नका," बायको म्हणाली. "चहा ठेवते."

तेवढ्यात घर बघायला मुंबईहून एक जोडपं आलं. बायकोने अगत्याने कप पुढे केले. त्या गृहस्थांनी घोट घेतला आणि कपात निरखून पाहिलं. "चहात मीठ घातलंत का?"

"मी नाही हो. विहिरीने घातलंय."

ते जोडपं गेलं. मग आणखी एक आलं, चहा पिऊन गेलं. तिसऱ्या गिऱ्हाइकासाठी तिने कप विसळायला घेतले, तेव्हा बिल्डरने खिशातून नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या. "वहिनी, तेवढा स्टो विझवा."

त्यानंतर ती सांगेल तिकडे मी जाऊ लागलो. वाड्यांच्या बाजूला एका वयस्कर वाडीवाल्याने आपल्या केळीच्या वाडीच्या कडेला तीन जोडघरं बांधली होती. लहान होती, गच्चीऐवजी कौलं, मागे जेमतेम कपडे वाळत घालण्याएवढी जागा. माझं लाकूड भाड्याच्या शेडमध्येच राहणार होतं. पण डाळ अर्ध्या तासात मेणासारखी शिजली. ती त्या वाडीवाल्या काकांनी स्वतः पावाला लावून खाल्ली आणि किंमत सांगितली.

मी सवयीने खिळा काढला. "काका, चौकट..."

"चौकट आंब्याची आहे, ठाऊक आहे मला. पाणी चाखलंस ना? मग खिळा खिशात ठेव."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितली ती किंमत कबूल केली. जीव तळमळला. म्हणून दस्त लिहिणाऱ्यापुढे बसल्यावर अडून बसलो: विहिरीवर आमचा कायमचा हक्क लिहा. काका म्हणाले, बरं, रोज सहा हंडे. मी म्हटलं, "आमचे चौदा डबे आहेत." काका दहावर आले. लिहिणारा खोडून खोडून वैतागला. मी उठून उभा राहिलो, काकाही उठले.

बायको जागेवरून हलली नाही. "काका, पुढच्या वर्षी मी पंचवीस डबे करणार आहे," ती म्हणाली. हे मलाही नवं होतं.

काका परत खाली बसले. "लिही रे," त्यांनी लिहिणाऱ्याला सांगितलं, "लागेल तेवढं."