बिनविरोधाला विरोध

मिनल ओव्हाळ या बाईंशी माझं पहिल्या दिवशीच भांडण झालं. मी माझ्या वर्गातल्या सायलीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देत होते. या बाईंनी ती बाटली माझ्या हातातून काढून घेतली, झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि सायलीपुढे ठेवली. "उघडेल ती," म्हणाल्या. सायलीने उघडली. वेळ लागला, अर्धं पाणी युनिफॉर्मवर सांडलं. मला इतका संताप आला की तळेगावला घरी पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात या बाईशी भांडत होते.

मी रुपाली, भोसरीतल्या एका मराठी शाळेत सहावीची वर्गशिक्षिका. मिनल मॅडम आमच्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना बघायला, ऐकायला, चालायला, बोलायला किंवा शिकायला अडचण आहे त्यांनी वेगळ्या शाळेत न जाता घराजवळच्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकावं, म्हणून मदत करणं हे त्यांचं काम. त्यांच्या वाट्याला एक शाळा नाही, पुष्कळ आहेत. आज दिघी, उद्या भोसरी, परवा आणखी कुठे. स्कूटरवर पायांशी भलीमोठी पिशवी, तिच्यात जाड पेन्सिली, उठावाची अक्षरं, मणी, चेंडू. एमआयडीसीतल्या कंटेनरांमधून ही ठेंगणी बाई हॉर्नवरचा अंगठा न काढता येते, आणि शाळेत शिरल्यावरही तो हॉर्न वाजतच असतो असं मला बरेच दिवस वाटायचं.

त्या मूळच्या दिघीच्या. वडील भिवा ओव्हाळ इथल्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. या क्षेत्राकडे कशा वळलात, असं कुणी भारावून विचारलं की त्या सरळ सांगतात, "साध्या डीएडच्या अर्जाची तारीख गेली होती. हा एकच कोर्स उरला होता." विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग त्यांना बरं वाटतं.

त्यांना एक शब्द खपत नाही. कुणी "बिचारी" म्हणालं की त्या दचकून मागे वळून बघतात. "कोण? कुठंय?" बेंचखालीसुद्धा वाकून बघतात. समोरच्याला कळेनासं होतं की ही बाई खरंच शोधतेय की आपली फिरकी घेतेय. मीही एकदा या तावडीत सापडले आणि त्यानंतर तो शब्द माझ्या बोलण्यातून गेला तो गेलाच.

आता सायलीविषयी. सायली टेकाळे. आईवडील परभणीकडचे, वडील चाकणला कंपनीत. जन्मापासून तिच्या हातापायांचे स्नायू तिचं ऐकत नाहीत, म्हणून ती वॉकर धरून चालते आणि एकेक शब्द सावकाश काढत बोलते. डोकं मात्र तल्लख, आणि जिभेला धार. आमच्या शाळेनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. दप्तर उचलायला चार जणी, वही लिहून द्यायला दोघी. तिच्यासमोर कुणी "पडणे" हे क्रियापदसुद्धा वापरायचं नाही, असा अलिखित नियम होता. मिनल मॅडमनी येऊन ही सगळी लाड-कंपनी बंद केली. मुलींच्या आया माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की या बाईंना काळीज नाही. मला ते पटलं होतं.

दर जुलैत आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक असते. भोसरीतली मुलं बाराखडीआधी फ्लेक्स वाचायला शिकतात, त्यामुळे निवडणूक म्हटली की त्यांच्या अंगात येतं. यंदा सायलीने आहारमंत्रीपदाला, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणावर देखरेख करायला, अर्ज भरला. तिच्यासमोर एकच उमेदवार, तिच्याच वर्गातला दिग्विजय. गावातल्या जुन्या घरचा, कबड्डीत पटाईत, सगळ्या शाळेचा लाडका.

आमचे मुख्याध्यापक हिंदुराव सर म्हणजे लोण्याचा गोळा. त्यांनी दिग्विजयला ऑफिसात बोलावून पाठीवर हात फिरवला आणि माघार घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी परिपाठाला माईकवर जाहीर केलं, "सायली टेकाळे, आहारमंत्रीपदी बिनविरोध!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही डोळे भरून आले. सर गुच्छ घेऊन पुढे झाले, आणि सायलीने तो घेतला नाही.

"मला नको," ती म्हणाली. मग सगळ्या पटांगणासमोर, एकेक शब्द ओढून काढत, "मी भाषण लिहिलंय. आता ते कुणापुढं करू?"

सरांना वाटलं पोरगी लाजली. मला वाटलं दमली. मिनल मॅडम आल्यावर सायलीने त्यांना सगळं सांगितलं आणि त्या पिशवी न ठेवताच ऑफिसात घुसल्या. मी मागोमाग गेले, मिटवामिटवी करायला.

"अहो मॅडम, बिनविरोध म्हणजे केवढा मान!" सर कळवळून म्हणाले. "आमच्या गावात सोसायटीच्या चेअरमनला बिनविरोध करायचं तर महिनाभर बैठका चालतात."

"सर, चेअरमनपुढं कुणी उभं राहत नाही ते त्याला भिऊन. सायलीपुढून दिग्विजय हटला तो तिची कीव आली म्हणून. तिला उभं राहायचं होतं, तुम्ही तिला बसवलंत."

सरांनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. आठ दिवसांनी मतदान घ्यायचं ठरलं. मग मिनल मॅडम म्हणाल्या, "आणि भाषणाला तिला इतरांपेक्षा दुप्पट वेळ हवा."

"आता काय म्हणावं!" सरांनी कपाळाला हात लावला. "एकीकडे म्हणता सवलत नको, आणि दुसरीकडे वेळ मागता?"

"चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण पेपर सोपा काढत नाही, सर. पण चष्मा काढून ठेव असंही म्हणत नाही."

हिंदुराव सरांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वेळ मंजूर केला. मला त्या क्षणी ही बाई आवडायला लागली. उशीर झाला खरा, पण आवडली.

अडून बसला दिग्विजय. "तिच्या इरुद्ध बोललो तर पाप लागंल मला. आय मारंल."

"बरं. वर्गात ती तुला कधीच त्रास देत नाही?" मिनल मॅडमनी विचारलं.

"देती की! गणिताची वही दाखवत न्हाई. आन् लई वरडती."

"मग तेच बोल."

भाषणांच्या दिवशी दिग्विजय माईकसमोर आला तो घामाघूम. "सायली मंत्री झाली," तो चाचरत म्हणाला, "तर ती ताटांपाशी हुबी ऱ्हाईल आन् वाटाणा संपवल्याबिगर एकालाबी उठू देणार न्हाई. मी झालो, तर जेवल्या जेवल्या खेळायला सोडीन!"

सगळ्यांचे डोळे सायलीकडे. आणि सायली हसायला लागली. ती हसते तेव्हा सगळ्या अंगाने हसते, वॉकरसुद्धा खडखडतो. तो खडखडाट ऐकून सगळी शाळा हसत सुटली.

मग तिची पाळी. एकेक शब्द जागेवर बसवत ती म्हणाली, "जे रांगेत पुढं असतात त्यांला मटकी मिळती. मागच्यांला नुसता रस्सा. दिग्विजय रोज पुढं आसतोय. मी निवडून आले, की एक दिवस रांग मागून सुरू होईल. त्या दिवशी दिग्विजयनं रस्सा प्यायचा." वेळ पुरला, वर उरला. मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि शिट्टी मारू नये हे सांगायचं मला सुचलं नाही.

मतदान झालं. बोटांना मार्करची शाई लागली. संध्याकाळी निकाल आला: सायली थोडक्यात हरली. जेवल्या जेवल्या खेळायला सोडणार, या आश्वासनापुढे कुणाचा टिकाव लागणार? रस्सा पिणाऱ्यांनीही त्यालाच मतं दिली होती.

दिग्विजयच्या पोरांनी जल्लोष सुरू केला. आणि तो गडी, आठवड्यापूर्वी पापाला भिणारा, सायलीच्या पुढ्यात येऊन नाचायलाच लागला. "पडली रे पडली, सायली पडली!"

इतकी वर्षं जो शब्द आम्ही तिच्या वाऱ्याला उभा राहू दिला नव्हता, तोच हा कारटा ठेका धरून म्हणत होता. त्याचा कान पिरगाळायला मी धावले, तर मिनल मॅडमनी माझं मनगट पकडलं.

"राहू द्या, रुपालीताई," त्या हळूच म्हणाल्या. "पहिलीपासून आजवर या पोरीला कुणी चिडवलंय?"

मी आठवून पाहिलं. कुणीच नाही. माझ्या वर्गात सगळी मुलं दिवसभर एकमेकांना चिडवतात, भांडतात, कट्टी घेतात, आणि सायलीला मात्र फक्त टाळ्या मिळत आल्या होत्या.

सायलीचे डोळे वाहत होते, नाक लाल झालं होतं. तिने वॉकर जमिनीवर आपटला. "दिग्या," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधायला थांबली. दिग्विजयने नाच थांबवला. त्याला पूर्ण ऐकायचंच होतं, नाहीतर उलट उत्तर कसं देणार? "पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "तुझं... डिपॉझिट... जप्त करते!"

मिनल मॅडम ओढणीने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. दिग्विजयने वाक्य संपू दिलं, जीभ काढली आणि पळता पळता ओरडला, "हुबी ऱ्हा की मग! कोण न्हाई म्हणतंय!"