दोर सारखा, शेत सारखं

चुकीचं उत्तर सुखाने नांदू शकेल अशी जागा माझ्या थोरल्या मावशीने या पृथ्वीवर शिल्लक ठेवलेली नाही. मोखाड्यात आयुष्यभर गणित शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा आता बाई जव्हारच्या घरात बसून देवधर्म करतील अशी आमची भाबडी समजूत होती. बाईंनी मोबाइल घेतला आणि 'कोडी आणि गैरसमज' नावाचा गट काढला. त्यात आज कुठकुठचे शिक्षक, वकील, एक दंतवैद्य आणि माझ्यासारखे नात्यामुळे अडकलेले काही जीव आहेत. नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा पडला, आता काय पडेल, असं एकदा कोणी विचारलं. मी अनुभवी माणसाच्या थाटात लिहिलं, "आता काट्याची पाळी." मिनिटाच्या आत सर्वांसमक्ष उत्तर आलं, "नाण्याला आठवण नसते, बाळा." बावन्न वर्षांच्या माणसाला बाळा! तेव्हापासून मी गटात फक्त नमस्काराचं चित्र पाठवतो. त्यात अजून तरी तिला चूक सापडलेली नाही.

गट नुसता मोबाइलमध्ये राहिला असता तर ठीक होतं. मोखाड्याला जाताना जीपवाला सहज म्हणाला, "चढताना ईसनं जातो, उतरताना साठनं. सरासरी चाळीस पडते." मावशीने जीप बाजूला घ्यायला लावली. चढताना वेळ तिप्पट जातो, म्हणून सरासरी तीसच, हे तिने काचेवरच्या धुळीत बोटाने मांडून दाखवलं. उतारू उन्हात ताटकळले. मांडीवर भाजीची पाटी घेतलेली खोडाळ्याची एक बाई शेवटी म्हणाली, "बाई, तीस तं तीस, पन गाडी चालू द्या."

"पटलं का तुम्हाला?"

"पटला, पटला."

"मग सांगा बरं, कसं?"

"चढाला येळ जास्त खातो ना. मंग ईसचाच वजन जास्त पडनार." मावशीचा चेहरा असा उजळला, की मलाही आपण काहीतरी थोर पाहिल्यासारखं वाटलं.

गेल्या कापणीच्या दिवसांत त्या दंतवैद्याने गटात विचारलं, दोन शेतांना सारख्याच लांबीचं कुंपण लागलं, तर शेतंही सारखीच ना? निम्मा गट 'हो' म्हणाला. मी मावशीकडे चहा पीत बसलो होतो. तिने कागदावर चित्र काढून गटात टाकलं. दहा बाय दहाच्या चौकोनाला कुंपण चाळीस हात, सोळा बाय चारच्या पट्टीलाही चाळीसच. पण चौकोनात हातभर लांबी-रुंदीची शंभर घरं, पट्टीत चौसष्ट. गटात वाहवा सुरू झाली. मावशी मात्र आपल्याच चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "उद्या साखरशेतला जायचंय. गाडी काढ."

साखरशेत म्हणजे माझं आजोळ. वाटेत तिने सांगितलं. आजोबा गेल्यावर माझ्या दोन्ही मामांची वाटणी हिनेच केली होती. शिकलेली म्हणून सगळ्यांनी दोर तिच्या हातात दिला. दोन्ही तुकड्यांभोवती तिने तो फिरवला, सारखाच भरला. थोरल्याला चौकोनी खाचर गेलं आणि धाकट्याला त्याला लागूनची ओढ्याकाठची लांब पट्टी. "सगळ्या जगाच्या चुका काढल्या," ती म्हणाली, "आणि ही राहिली." तिचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

धाकटा मामा भात कापत होता. मावशी बांधावरूनच म्हणाली, "तुझी वाटणी चुकली रे. माझ्याकडून. तुला कमी आलं."

मामा कापतच राहिला. "ठावं हाय, आक्का."

"कधीपासून?"

"पयल्या सालापासून. दादाचा खळा भरायचा, माझा नाय."

"मग बोलला का नाहीस?"

मामाने विळा थांबवला. "आख्ख्या घरात शिकलेली तू एकलीच. तुझाच चुकला म्हनलो आसतो, तं मंग आमी कोनाला इचारायचा?"

 "मी थोरल्याशी बोलते. बांध सरकवू," मावशी म्हणाली.

"बोल. पन आदी भात कापू दे."

मावशीने पदर खोचला, बांधावरचा दुसरा विळा उचलला आणि खाली उतरली. ती पट्टी इतकी अरुंद, की दोघं भावंडं शेजारी शेजारी कापत निघाली तेव्हा तिसऱ्याला जागाच उरली नाही. मी बांधावर बसून राहिलो.