साहेब खोलीतच होते

माझी मावशी एका मोठ्या हॉटेल कंपनीत संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायची. कोण कधी आलं, काय ठरलं, कोण कधी बाहेर गेलं, सगळं मिनिटासकट. काका गेल्यापासून ती बैठकीची खोलीच तिचं घर झाली होती. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा तिचा अर्ज मंडळापुढे होता. त्यात तिचा जीव अडकला होता.

त्या खोलीचा एक नियम होता. कंपनी चालवणाऱ्या मोठ्या साहेबांच्या पगाराचा विषय निघाला की साहेबांनी उठून बाहेर जायचं.

त्या दुपारी जेवण जड झालं होतं. पडद्यांतून पिवळं ऊन गालिच्यावर उतरलं होतं. खालच्या पोहण्याच्या तलावाचे कवडसे छतावर हलत होते. कुणीतरी आकडे वाचत होतं, बाकीच्यांच्या माना डुलत होत्या. साहेब छताकडे बघता बघता कुठल्या कुठे पोचले होते. त्यांच्या पगारवाढीचा ठराव आला, अर्धवट झोपेत हात वर झाले, मंजूर! साहेब जागचे हललेच नाहीत. मावशी म्हणते, तिलाही सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं. पण पेन लिहीत होतं: 'साहेब उपस्थित.'

चहा आला तेव्हा घोटाळा लक्षात आला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, साहेब बाहेर गेले असं लिहून टाका. मनाने तर ते बाहेरच होते!"

सगळे हसले. मावशीही हसली. मग म्हणाली, "मनाची नोंद मी ठेवत नाही. साहेब खोलीतच होते."

झालं! ठराव बाद. पुढच्या बैठकीत साहेब बाहेर गेले, मंडळी डोळे उघडे ठेवून बसली, आणि जागा माणूस प्रश्न विचारतो. खोल्या आवरणाऱ्या बायकांचे तास याच वर्षी कापले ना, मग ही वाढ कशाची? वाढ निम्म्यावर आली.

त्यानंतरचा विषय मावशीचा. साहेब म्हणाले, "मी विरोध केला तर लोक सूड म्हणतील. मी बाहेर बसतो." मावशीही उठली, अर्ज तिचाच होता.

बाहेर मऊ गालिचा अंथरलेला लांबच लांब व्हरांडा. दूरवर कुणी चादरींची गाडी ढकलत होतं, आवाज मात्र नाही. दोघं एकाच बाकावर बसली.

"तुमच्यावर फार चिडलो होतो," साहेब म्हणाले.

"चिडणारच की."

"आता झोप येतेय."

मावशीला हसू आलं. हे असंच बसून राहावं, ते दार उघडूच नये, असं तिला वाटलं.

दार उघडलं. पाचांपैकी चौघांनी नाही म्हटलं होतं. ज्यांची झोप चव्हाट्यावर आणली, ते मेले हो कशाला म्हणतील? मावशी आत गेली, पेन उचललं आणि लिहिलं: 'मुदतवाढ नामंजूर.'

हे ऐकून मी भडकलेच. "तुला काय पडलं होतं गं? आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलंस? हात नाही थरथरला?"

"थरथरला ना," मावशी म्हणाली. "अक्षर वाचता येईना. मग ती ओळ खोडून पुन्हा नीट लिहिली."