नलिनीकाकू वाळवंटात जाऊन आल्या

नलिनीकाकूंची आणि माझी ओळख कचऱ्यामुळे झाली. जपानमध्ये, कावासाकीला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं, तर चाळिशीतली एक बाई माझीच कचऱ्याची पिशवी हातात धरून उभी होती.

"ही तुझी ना?" त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

मी गोंधळून "येस" म्हणाले.

"आज डबे-बाटल्यांचा वार आहे, हा कचरा आज टाकायचा नसतो. खालच्या आजींना पिशवीत चिवड्याचं पाकीट दिसलं, म्हणून त्यांनी ती माझ्या दारात आणून ठेवली. या बिल्डिंगमध्ये चिवडा खाणाऱ्या आपण दोघीच. आणि माझा वार कधी चुकत नाही." पिशवी माझ्या हातात देऊन त्या निघाल्या. जिन्यावरून मागे वळून म्हणाल्या, "संध्याकाळी जेवायला ये. येस म्हण."

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर आले होते. फारसं बोलायची सवय मला कधीच नव्हती आणि जपानमध्ये ते खपून जायचं. काकूंकडे मात्र खपत नसे. "अठ्ठ्याहत्तर म्हणजे किती गं?" असं त्या मध्येच विचारायच्या. मी मनात आकडे जुळवायला लागले की लेकीला म्हणायच्या, "बघ, इंग्लिश मीडियम छताकडे बघायला लागलं." बारा वर्षांची अनुजा हसायची आणि जपानीत काहीतरी म्हणायची. काकू घरात तिच्याशी मराठीत बोलत आणि ती उत्तर जपानीत देई. काकूंना त्यात काही वावगं वाटत नसे. "कळतंय ना तिला? मग झालं. निघायचं असेल तेव्हा निघेल मराठी."

काका त्या घरात फक्त फोटोत होते. ते पाइपिंग इंजिनिअर. काकू लग्न होऊन मिरजेहून थेट कावासाकीला आल्या, त्या काकांच्या इथल्या नोकरीमुळेच. पुढे कंपनीने अरबस्तानातल्या वाळवंटात समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभारायला घेतला आणि काकांना तिकडे पाठवलं. वर्ष-दीड वर्षाचं म्हणून सुरू झालेलं काम लांबतच गेलं. सुट्टी मिळाली की काका मिरजेला आईवडिलांकडे जात, कावासाकीला येणं राहून जाई. शेजारच्या जपानी बायकांना यात काही विशेष वाटत नसे. त्यांचेही नवरे बदलीच्या गावी एकटेच राहत. नवरा धडधाकट असावा आणि घरी नसावा, असं त्या हसत म्हणायच्या. काकूही हसायच्या. घरी आल्यावर मला म्हणायच्या, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरंय. पण आमचा डोंगर वाळूचा. दर वेळी बघावं तर आकार वेगळा."

काकांचा फोन शुक्रवारी यायचा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या वर्षी ते म्हणायला लागले की कॅम्पात कुटुंबासाठी घरं झाली आहेत, तुम्ही दोघी आता इकडेच या. अनुजाची शाळा सुटणार, इथलं घर मोडावं लागणार. काकूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "आधी मी एकटी जाऊन बघून येते," त्या मला म्हणाल्या. "घर कसंही चालेल गं. माणूस अजून ओळखीचा आहे का, तेवढं बघायचंय."

दिवाळी नुकतीच झाली होती. काकांसाठी त्यांनी पुन्हा करंज्या करायला घेतल्या. स्टेशनजवळ बेकरीचं सामान विकणारं दुकान होतं. आनपान नावाच्या गोड पावावर लावायची खसखस तिथे मिळायची. काकू ती आणून भाजायच्या आणि सारणात सढळ हाताने घालायच्या. "खसखस नसेल तर हे म्हणतात, ही करंजी नव्हे, पाकीट आहे." माझ्या हातच्या करंज्या तळताना फुटायच्या. काकू त्या बाजूला काढून म्हणायच्या, "या जपानात राहतील." चांगल्या तेवढ्या त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरल्या, वर कागद घातला. कोणाला काही शंका येण्याचं कारणच नव्हतं. जी खसखस लावलेला पाव इथे शाळकरी पोरं खातात, ती बाळगणं कुठे गुन्हा असेल हे आम्हाला माहीत नव्हतं.

त्या गेल्या तेव्हा अनुजा माझ्याकडे राहिली. पोहोचल्याचा फोन यायला बराच उशीर झाला. आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पोचले. अनुजाला सांग." ठरल्यापेक्षा लवकर त्या परतही आल्या. सामान हलकं होतं, चेहरा नेहमीसारखा. शेजारणींना खजूर वाटले, कचऱ्याचा वार सांभाळला. मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही, आणि बहुतेक म्हणूनच त्यांनी मला सांगितलं.

एका रविवारी त्या कमळकाकडी सोलत होत्या. सोलता सोलता, भाजीचा भाव सांगावा तशा स्वरात त्यांनी सांगितलं. विमानतळावर कस्टमच्या माणसाने डबा उघडला. एक करंजी मोडली. दाणे बोटांत चोळून बघितले आणि आणखी एकाला हाक मारली. खसखस म्हणजे अफूचं बी, आणि तिथे ते अमली पदार्थांत मोजतात.

"मला काही कळेना. तो ओरडला, तशी मी सवयीने कमरेत वाकले आणि 'सुमिमासेन, सुमिमासेन' म्हणत राहिले. इथे एवढी माफी मागितली की कोणीही शांत होतं ना. त्याला वाटलं, बाईने गुन्हा कबूल केला."

त्यांना काचेच्या एका खोलीत बसवलं. काचेतून बाहेरचा हॉल दिसत होता. तिथे काका उभे होते, कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर. तुला न्यायला कोण आलंय, असं विचारल्यावर काकूंनी बोट दाखवलं. अधिकारी बाहेर जाऊन काकांशी बोलला. काकांनी खोलीकडे बघितलं. मग मान हलवली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अधिकारी परत आला. म्हणाला, तुझा नवरा म्हणतो, कंपनीचा माणूस येईपर्यंत मी आत येणार नाही."

"मग?"

"मग काय. बसले ते तिकडे, मी इकडे. दुपार गेली. कंपनीचा तिथला माणूस आला, तो बोलला, सह्या झाल्या. करंज्या त्यांनी नष्ट केल्या. सोडलं मला."

"काका काय म्हणाले?"

"गाडीत म्हणाले, 'एवढं साधं कळत नाही तुला? माझी नोकरी गेली असती.' मग म्हणाले, 'पाणी पी.'"

कमळकाकडीच्या चकत्या त्यांनी पाण्यात टाकल्या. कॅम्पाविषयीही त्या चांगलंच बोलल्या. घर थंडगार होतं, नळाला पाणी होतं. काकांनी हौसेने कारखाना दाखवला, रोज सकाळी स्वतः चहा केला. या माणसाने इथे घरात कधी गॅस पेटवला नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच, अहो, तुम्ही आत का नाही आलात?

"म्हणाले, 'आपण दोघंही अडकलो असतो तर बाहेरून सोडवलं कोणी असतं?' बरोबर आहे ना. विचार केला तर बरोबरच आहे."

मी सालं गोळा करायला लागले.

"फक्त एवढंच," काकू म्हणाल्या, "खुर्चीवर बसताना त्यांनी पाठ माझ्याकडे केली. तोंड माझ्याकडे करून बसले असते, तरी चाललं असतं."

हात पुसून त्या उठल्या. त्यांच्या डोळ्यांत काही असेल म्हणून मी बघितलं. काही नव्हतं. थंडी वाढली होती. त्या हीटर लावायला गेल्या.

नंतरचे काही शुक्रवार काकांचे फोन आले आणि बोलणं हवापाण्यावर झालं. काकूंनी स्टेशनपलीकडे जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ काम धरलं. पांढरी टोपी घालून भात भरणाऱ्यांच्या ओळीत उभ्या राहायच्या. "भात, भात, भात, एक आंबट बोर, झाकण," असं त्यांनी मला कामाचं वर्णन केलं. बरं वाटतं का विचारलं तर म्हणाल्या, "हात चालतात."

मार्चमध्ये मी कावासाकी सोडलं, माझं काम संपलं होतं. त्याआधीच्या एका शुक्रवारी मी त्यांच्याकडेच होते. काकांनी त्या दिवशी स्पष्ट विचारलं असावं, कारण काकू स्पष्ट बोलल्या. "नाही, आम्ही नाही येणार. तुम्ही इकडे या. नाही जमलं तर राहा तिकडेच." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. काकू मध्ये मध्ये "हो" म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "नाही हो, रागावले नाहीये. रागावले असते तर आले असते, समोर बसून भांडले असते."

पलीकडचा आवाज थांबला. काकूंनी फोन ठेवला.

अनुजाने वहीतून डोकं वर काढलं. या वेळी तिने मराठीत विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

"बरं म्हणाले," काकू म्हणाल्या आणि तिघींसाठी ताटं घ्यायला आत गेल्या.